शार्लट लुकसने कॉलिन्सला हो का म्हटलं

केस अशी आहे. मुलगी २७ वर्षांची, दिसायला साधी, डोक्याने तल्लख, घरात भावंडं बरीच, वडलांना 'सर' ही पदवी आहे पण मुलीला द्यायला पैसा फारसा नाही. मुलगा २५ वर्षांचा, पाद्री, नोकरी पक्की, राहायला घर मिळालेलं, पुढेमागे एक इस्टेटसुद्धा नावावर होणार, फक्त बोलायला लागला की ऐकणारा कंटाळून जातो. बुधवारी त्याने या मुलीच्या जिवलग मैत्रिणीला मागणी घातली, मैत्रिणीने साफ नकार दिला, आणि शुक्रवारी सकाळी तो हिच्या दारात हजर, आणि हिने हो म्हटलं. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या १८१३ साली आलेल्या कादंबरीतलं शार्लट लुकस आणि मिस्टर कॉलिन्सचं हे लग्न. सगळे एलिझाबेथ, म्हणजे नकार देणारी ती मैत्रीण, आणि शेवटी तिच्याशी लग्न करणारा श्रीमंत डार्सी यांच्याबद्दल बोलतात आणि शार्लटचा विषय 'बिचारी' किंवा 'पैशासाठी केलं' एवढ्यावर संपवतात, आणि मला हे दोन्ही पटत नाही. तिचा निर्णय बरोबर होता असं माझं ठाम मत आहे, आणि त्याची किंमत तिने रोज मोजली हेही तितकंच खरं, म्हणून ही केस नीट मांडायची आहे.

आधी शार्लटचं घर बघू, कारण सगळी गोची तिथेच आहे. सर विल्यम लुकस मूळचे मेरिटन गावातले धंदेवाले, बऱ्यापैकी पैसा कमावला, मग गावाचे मेयर झाले, राजापुढे भाषण करायची संधी मिळाली आणि त्यातून नाइटहूड मिळालं. ती पदवी डोक्यात इतकी भिनली की धंदा नकोसा झाला, बाजारपेठेचं गावही नकोसं झालं, दोन्ही सोडून गावापासून मैलभर लांब घर घेतलं, त्याला 'लुकस लॉज' असं भारदस्त नाव दिलं आणि दिवसभर सगळ्यांशी गोड बोलत बसायला मोकळे झाले. माणूस चांगलाच आहे, कुणाचं वाईट चिंतणारा नाही. पण यात मुलीचं काय झालं ते बघा, नाइटहूड ही वारशाने चालत नाही, ती वडलांबरोबर संपते, आणि जो धंदा चालू राहिला असता तर मुलीच्या लग्नासाठी काही रक्कम बाजूला पडली असती तो धंदाच बंद झाला. म्हणजे शार्लट आता 'सर विल्यमची मुलगी', त्यामुळे मेरिटनमधल्या दुकानदाराशी तिचं लग्न होणं अवघड, आणि जमीनदार घरातला मुलगा तिच्याकडे बघणार नाही कारण सोबत पैसा येत नाही. वडील एक पायरी वर चढले आणि मुलगी दोन पायऱ्यांच्या मध्ये लटकली. कादंबरीत हे इतक्या उघड शब्दांत कुणी म्हणत नाही, पण आईवडील तिला फारसं काही देऊ शकत नव्हते म्हणून हे स्थळ त्यांना फारच चांगलं वाटलं असं स्पष्ट लिहिलंय, मग उरलेला हिशोब आपण करू शकतो.

या घराकडे शेजारचे बेनेट, म्हणजे एलिझाबेथच्या घरचे, कसे बघतात त्याचा एक बारीक प्रसंग आहे, वाचताना सहज निसटून जातो. त्या भागात नुकताच राहायला आलेला श्रीमंत तरुण बिंगली, त्याच्यासमोर बसून एलिझाबेथची आई मिसेस बेनेट सांगते की शार्लट आमच्याकडे जेवायला थांबली नाही, घरी गेली, मला वाटतं मिन्स-पायसाठी तिची घरी गरज असावी, आणि लगेच पुढे, माझ्याकडे तर आपापलं काम येणारे नोकर असतात, माझ्या मुली वेगळ्या पद्धतीने वाढल्यात. टोमणा सरळ आहे, लुकसांच्या मुलीला स्वयंपाकघरात हात घालावा लागतो. आता हे लक्षात ठेवा आणि कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालताना काय बोलतो ते बघा, त्याच्या मालकीणबाई लेडी कॅथरीन डी बर्ग यांनी त्याला बजावलंय की लग्न कर, माझ्यासाठी सभ्य घरातली मुलगी निवड, आणि स्वतःसाठी अशी निवड की जी कामाची असेल, फार लाडात-तोऱ्यात वाढलेली नसेल, थोड्या पैशात घर नीट चालवेल. मिसेस बेनेटने जे हिणवायला म्हटलं होतं तीच इथे पात्रता ठरते! लेडी कॅथरीनची यादी हातात घेऊन कुणी त्या भागात फिरलं असतं तर शार्लटच सापडली असती. एलिझाबेथ त्या यादीत कुठेच बसत नव्हती, कॉलिन्सला ते कळत नव्हतं एवढंच.

आता इस्टेटीचा भाग, कारण त्याशिवाय कॉलिन्सची किंमत कळत नाही. मिस्टर बेनेटची लाँगबोर्न इस्टेट वर्षाला २,००० पौंड देते, पण तिच्यावर एन्टेल आहे, म्हणजे मुलगा वारस नसेल तर ती लांबच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार, आणि तो नातेवाईक म्हणजे कॉलिन्स. बेनेट नवराबायकोला वाटलं होतं की मुलगा होईलच, तो वयात आला की बापाबरोबर सही करून एन्टेल मोडेल, म्हणून काटकसर कधी केलीच नाही, आणि एकामागून एक पाच मुली झाल्या. बायको आणि मुलांसाठी लग्नाच्या वेळी ठरलेले ५,००० पौंड एवढंच काय ते. कॉलिन्स मागणी घालताना एलिझाबेथला तोंडावर सांगतो की तुझ्या वाट्याला चार टक्के व्याजाने गुंतवलेले १,००० पौंड येणार आणि तेही आई गेल्यावर. चार टक्क्यांनी वर्षाला ४० पौंड होतात. म्हणजे बाप गेला की राहतं घर जाणार आणि हातात जवळजवळ काही नाही, आणि हे माहीत असूनही एलिझाबेथने नाही म्हटलं. त्याचं कौतुक करायलाच हवं, पण तो केवढा मोठा जुगार होता हेही बघायला हवं, तो यशस्वी झाला म्हणून आपल्याला तो जुगार वाटत नाही.

लग्न न करणाऱ्या मुलीचं तेव्हा काय व्हायचं? शिकलेल्या, 'सभ्य' घरातल्या मुलीला कमाईचा मार्ग म्हणजे गव्हर्नेस होणं, दुसऱ्याच्या घरात ना नोकर ना घरची अशा जागी राहून पोरांना शिकवणं, नाहीतर आयुष्यभर भावाच्या घरी राहणं. शार्लटचं लग्न ठरल्यावर तिच्या घरात काय झालं ते ऑस्टेन एका परिच्छेदात सांगते आणि तो परिच्छेद मला पुस्तकातल्या सगळ्यात कठोर जागांपैकी एक वाटतो. आई लगेच हिशोब करायला लागते की मिस्टर बेनेट अजून किती वर्षं जगतील, धाकट्या बहिणींना आनंद की आता आपल्याला एखाद-दोन वर्षं आधी पार्ट्यांना जायला मिळेल, आणि भाऊ? भावांना हायसं वाटतं की शार्लट आता म्हातारपणी कुमारी म्हणून मरणार नाही. म्हणजे घरात सगळ्यांना ती कधीतरी गळ्यात पडणार ही भीती होती, आणि ती हुशार मुलगी त्या घरात इतकी वर्षं राहिलीय, तिला ती भीती दिसली नसेल असं कसं म्हणायचं.

तो आठवडा क्रमाने सांगते कारण लोक समजतात की शार्लटवर हे अचानक येऊन पडलं. मंगळवारी २६ नोव्हेंबरला बिंगलीच्या घरी, नेदरफील्डला, बॉल म्हणजे नाचाची मोठी पार्टी. दुसऱ्या दिवशी कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो आणि घरात गोंधळ चालू असतानाच शार्लट तिथे येते. त्यानंतर ती कॉलिन्सचं बोलणं ऐकत बसते, एलिझाबेथ तिचे आभार मानते की बरं झालं, तू त्याला गुंतवून ठेवलंस, आणि शार्लट गोड हसून म्हणते की उपयोगी पडल्याचा आनंद आहे. एलिझाबेथला वाटतं ही मैत्रीसाठी करतेय. शार्लटचा हेतू तर त्याचं लक्ष आपल्याकडे वळवायचा, तो पुन्हा एलिझाबेथकडे जाऊ नये हा. गुरुवारी बेनेट मंडळी लुकसांकडे जेवायला, दिवसभर तेच, आणि शुक्रवारी सकाळी कॉलिन्स लाँगबोर्नहून गुपचूप सटकतो आणि लुकस लॉजकडे निघतो, शार्लट वरच्या खिडकीतून त्याला येताना बघते आणि पटकन बाहेर पडते, गल्लीत त्याला 'सहज' भेटायला. शनिवारी तो केंटला परत जाणार होता, म्हणजे तिच्याकडे तेवढाच वेळ होता, आणि तिने तो बरोबर वापरला.

खिडकीतून बघून खाली उतरणं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिला वाट बघायची सवय होती, २७ वर्षं बघितली होती, आणि त्या दिवशी तिने बघितली नाही. आधीच्या एका गप्पांमध्ये ती एलिझाबेथला म्हणालीच होती की लग्नात सुख मिळणं हा पूर्ण नशिबाचा भाग आहे, आणि एलिझाबेथच्या मोठ्या बहिणीला, जेनला, बिंगली आवडत असेल तर तिने वाटतं त्यापेक्षा जास्तच दाखवावं, कारण पुरुषाला थोडी मदत लागते. एलिझाबेथ हसली होती, तू स्वतः असं कधीच वागणार नाहीस म्हणाली होती. गंमत बघा, जेनच्या बाबतीत शार्लटचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं, जेन शांत राहिली, बिंगलीचा मित्र असलेल्या डार्सीला वाटलं तिचं बिंगलीवर प्रेम नाही, त्याने बिंगलीला तिच्यापासून लांब ठेवलं, आणि त्या दोघांची महिनोन्‌महिने ताटातूट झाली. त्या पुस्तकात माणसांच्या वागण्याबद्दल सगळ्यात अचूक अंदाज शार्लटचे आहेत, आणि आपण मात्र तिला भावनाशून्य म्हणतो.

बातमी तिने एलिझाबेथला स्वतः सांगितली, कॉलिन्सला आधीच बजावलं होतं की लाँगबोर्नला एक शब्द बोलायचा नाही. एलिझाबेथच्या तोंडून निघालं, कॉलिन्सशी लग्न! शार्लट, शक्यच नाही! शार्लटचा चेहरा क्षणभर पडला, मग तिने स्वतःला सावरलं आणि विचारलं, एलायझा, तुझ्याकडे त्याची डाळ शिजली नाही म्हणून त्याला कुठल्याच बाईने पसंत करू नये असं आहे का? आणि मग ते प्रसिद्ध वाक्य, मी रोमँटिक नाही, कधीच नव्हते, मला एक सुखाचं घर हवंय, आणि त्याचा स्वभाव, ओळखी, परिस्थिती बघता माझं सुखी होण्याचं नशीब इतर चारचौघांइतकंच आहे. या वाक्यात कुठे खोटेपणा आहे? तिने प्रेमाचा आव आणला नाही, ना मैत्रिणीसमोर ना स्वतःसमोर. एलिझाबेथने मात्र मनात ठरवलं की आता आमच्यात पूर्वीसारखा विश्वास राहणार नाही. जेन, जिला सगळे भोळी म्हणतात, ती नीट बोलली, म्हणाली परिस्थिती आणि स्वभाव वेगळे असतात हे तू लक्षात घेत नाहीस, तिचं कुटुंब मोठं आहे, पैशाच्या दृष्टीने हे स्थळ चांगलं आहे. एलिझाबेथने ऐकलं नाही.

आणि आता खरी मेख. थोड्याच महिन्यांनी विकम, जो एलिझाबेथला आवडायचा, तो अचानक मिस किंगच्या मागे लागतो कारण तिला १०,००० पौंड मिळालेत. इथे एलिझाबेथ काय म्हणते? मामीला लिहिते की देखण्या तरुणांनाही पोटापाण्याला काहीतरी लागतंच. मामी टोकते तर उलट विचारते की लग्नाच्या बाबतीत पैशासाठी करणं आणि शहाणपणाने करणं यात फरक तो काय. हाच न्याय तिने शार्लटला लावला नव्हता! ऑस्टेन स्वतःच लिहिते की शार्लटच्या बाबतीत एलिझाबेथची नजर जितकी स्वच्छ होती तितकी विकमच्या बाबतीत नव्हती. पुरुषाने पैसा बघून लग्न करणं हे त्या समाजात उघड चालायचं, डार्सीचा मामेभाऊ कर्नल फिट्झविल्यम तर सरळ सांगतो की धाकट्या मुलांना मनासारखं लग्न करता येत नाही, पैसा बघावाच लागतो, आणि त्याला कुणी हलकट म्हणत नाही. बाईने तेच केलं की तिने स्वतःला विकलं. मला या विषयावर राग येतो आणि तो मी लपवत नाही.

पण किंमत होती. मार्चमध्ये एलिझाबेथ केंटला हन्सफर्डला त्यांच्याकडे राहायला जाते आणि तिथले प्रसंग वाचताना घर एकेक खोलीने उघडत जातं. कॉलिन्स बागेत काम करतो, आणि शार्लट अगदी गंभीर चेहऱ्याने सांगते की त्याच्या तब्येतीला ते चांगलं आहे म्हणून मी त्याला खूप प्रोत्साहन देते. शार्लटने आपली बसायची खोली मागच्या बाजूची निवडलीय, एलिझाबेथला आधी आश्चर्य वाटतं की पुढची डायनिंग रूम मोठी, उजेडाची, तिथे का नाही बसत, आणि मग कळतं की कॉलिन्सची अभ्यासाची खोली रस्त्याकडे आहे, लेडी कॅथरीनची गाडी कधी जाते ते बघत तो तिथे बसतो, आणि बायकांची खोलीही तितकीच छान असती तर तो सारखा तिथे येऊन बसला असता. म्हणजे तिने चांगली खोली सोडली आणि त्या बदल्यात दिवसाचे काही तास स्वतःचे करून घेतले. तो काही लाजिरवाणं बोलला की एलिझाबेथची नजर आपोआप शार्लटकडे जाते, एक-दोनदा गाल किंचित लाल झालेले दिसतात, पण बहुतेक वेळा शार्लट शहाणपणाने ऐकतच नाही. कॉलिन्सला विसरता आलं तर घरात खरंच सुख आहे, आणि शार्लट त्यात रमलेली बघून एलिझाबेथला वाटतं की तो बराच वेळ विसरला जात असावा.

वर लेडी कॅथरीन. ती येते, फर्निचर चुकीचं लावलंय म्हणते, मोलकरीण कामचुकार आहे म्हणते, मटणाचे तुकडे तुमच्या कुटुंबाच्या मानाने मोठे आहेत म्हणते. कॉलिन्सची नेमणूक एकदा झाली की ती जन्मभराची, त्याला कुणी सहज काढू शकत नव्हतं, पण ज्या कुटुंबाच्या हातात ही नेमणूक असायची त्यांच्याशी वाकडं घेऊन गावात राहणार कसं, आणि पुढची बढती कुठून येणार. म्हणून शार्लटला घरातही वरिष्ठ आहे आणि कुंपणाबाहेरही आहे. शिवाय कायद्याने लग्नानंतर बायकोचं जे काही ते नवऱ्याचं, इंग्लंडमध्ये हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. तरी निघताना एलिझाबेथ बघते ते हेच की घर, संसार, चर्चची कामं, कोंबड्या यातली गोडी शार्लटसाठी अजून संपलेली नाही. मला त्या कोंबड्या फार आवडतात, कारण ते तिचं स्वतःचं खातं आहे.

ऑस्टेनने हे नुसतं बाहेरून बघितलेलं नव्हतं. २ डिसेंबर १८०२ ला मॅनीडाउन इथे हॅरिस बिग-विदर या मोठ्या इस्टेटीच्या वारसाने तिला मागणी घातली, तिने हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाही म्हटलं. तिला २७ पूर्ण व्हायला दोनच आठवडे होते, शार्लट जितकी वर्षांची तितकीच जवळजवळ. जानेवारी १८०५ मध्ये वडील गेले आणि आई, बहीण आणि ती भावांच्या मदतीवर, या गावाहून त्या गावी, १८०९ मध्ये भाऊ एडवर्डने चॉटनला घर देईपर्यंत. या पुस्तकाचे हक्क तिने ११० पौंडांना विकले. भाचीला १८१४ मध्ये लिहिलं की प्रेमाशिवाय लग्न करण्यापेक्षा काहीही सोसलेलं बरं, आणि त्याच भाचीला १८१७ मध्ये लिहिलं की एकट्या बायकांना गरीब होण्याची भयंकर खोड असते आणि लग्नाच्या बाजूने हा एक फार मोठा मुद्दा आहे. लोक यातलं पहिलंच वाक्य सांगतात. दोन्ही तिचीच आहेत, आणि शार्लट या दुसऱ्या वाक्यातून आलीय असं मला वाटतं.

अजून एक गोष्ट, जी फारसं कुणी बोलत नाही. शार्लटचं लग्न झालं नसतं तर एलिझाबेथ केंटला गेलीच नसती, डार्सीने तिला पहिली मागणी हन्सफर्डच्या त्याच घरात घातली, नकारानंतरचं पत्रही तिथल्याच रस्त्यावर हातात पडलं. पुढे लेडी कॅथरीन लाँगबोर्नला धमकी द्यायला येते तेव्हा एलिझाबेथचा अंदाज हाच की अफवा लुकसांकडून कॉलिन्सकडे आणि तिथून बाईंच्या कानावर गेली, आणि त्या भांडणाची हकिगत ऐकूनच डार्सीला पुन्हा आशा वाटायला लागते. ते सगळं प्रेमलग्न शार्लटच्या व्यवहाराच्या लग्नावर उभं आहे. डार्सीचं ठरल्यावर बाई इतक्या खवळल्या की कॉलिन्स दांपत्य वादळ शांत होईपर्यंत लुकस लॉजला येऊन राहिलं, आणि शार्लटला या लग्नाचा मनापासून आनंद झाला होता असं ऑस्टेनने लिहून ठेवलंय.

तिच्या हिशोबातला एक धोका मात्र उघडाच राहतो. कॉलिन्स आधी गेला आणि मिस्टर बेनेट जिवंत राहिले तर हन्सफर्डचं घर पुढच्या पाद्र्याला जाणार आणि लाँगबोर्न अजून हातात आलेलंच नसणार, म्हणजे शार्लट पुन्हा भावांच्या दारात. आणि शेवटी शेवटी कॉलिन्सच्या पत्रातून कळतं की तिला दिवस गेलेत. एन्टेलची नेमकी कलमं कादंबरी सांगत नाही, पण मुलग्याचीच अट पुढेही चालणार असेल आणि शार्लटला मुलीच झाल्या, तर त्या मुलींची अवस्था बेनेटांच्या पाच जणींसारखीच होणार. फरक एवढाच की त्यांची आई काटकसर जाणणारी आहे, पहिल्या दिवसापासून पैसे बाजूला टाकायला लागली असेल.